स्कॉर्पिओ आणखी पाच वर्षे ठेवावी असे मला का वाटते

पुणे,
दि. ८ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

पाडव्याच्या मुहूर्तावर नवी गाडी घरी आणण्याचा जो विचार दादाने तुमच्यापुढे मांडला आहे, त्यावर फोनवर बोलताना विषय मध्येच तुटतो आणि शेवटी सगळे "बघू" म्हणून थांबतात. म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, शाबूत असेल तर आपली स्कॉर्पिओ आणखी पाच वर्षे ठेवावी, तिच्यावर हात न आखडता खर्च करावा, आणि बाबांनी ती रात्री चालवू नये. चासी गंजाने खाल्लेली निघाली, तर मात्र दादाचे म्हणणे मान्य करावे आणि मागे वळून पाहू नये.

बाबा, पंधरा वर्षे झाली की सरकार गाडी उचलून नेते, ही तुमची धास्ती आधी दूर करते. तुम्ही टीव्हीवर पाहिलेल्या बातम्या दिल्लीच्या आहेत. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई आहे. तिथे यंदा १ जुलैपासून अशा गाड्यांना इंधन द्यायचे नाही असे ठरले होते, पण काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून गाडीमालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला. यातले काहीही बेळगाव जिल्ह्याला लागू नाही. आपल्या गाडीची नोंदणी डिसेंबर २०१० ची आहे. मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला दाखवून, पाच हजार रुपये शुल्क आणि हरित कर भरला की पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते. विमा आणि धुराचे प्रमाणपत्र चालू हवे, एवढेच पाहावे.

तेव्हा कायद्याची अडचण नाही. गाडीने आता आपल्या घरासाठी कोणते काम करायचे आहे, हा खरा विचार आहे आणि त्याकडे आपण सगळ्यांनीच पुरेसे लक्ष दिलेले नाही. २०१० साली आपण ही गाडी घेतली तेव्हा बाबा स्वतः शेतावर उभे राहत, सुगीला भाताची पोती, उन्हाळ्यात काजू आणि वर्षभर खताच्या गोण्या तिच्यातून जात. आता भात कापणीपासून मळणीपर्यंत बहुतेक काम यंत्रावर होते आणि माल ट्रॅक्टरने जातो. गाडीतून जातात ती माणसे, आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा आई, गुडघ्यांच्या उपचारासाठी बेळगावला. जांबोटीपासून बेळगावपर्यंत रस्ता डांबरी आहे, त्यावर कोणतीही गाडी चालेल. अडते ते चोर्ल्याचा रस्ता सोडून आपण गावाकडे वळतो तिथून. जून ते सप्टेंबर त्या वाटेची जी अवस्था होते ती तुम्हाला मी सांगायला नको. तांबड्या मातीचा चिखल, मधला ओढा, आणि ओढ्यानंतरचा तो निसरडा चढ. आमगाव, गवाळी, पास्तोली या जंगलातल्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर उचलून आणावे लागते. आपले गाव तितके आत नाही, तरीही जुलैच्या झडीत १०८ ची गाडी डांबरी रस्त्यावरच थांबते आणि तिथपर्यंत माणूस पोहोचवण्याचे काम कोणाच्या तरी गाडीला करावे लागते. आपल्या वाडीत ते बहुतेक वेळा आपल्याच गाडीने केले आहे. आईने त्यासाठी कधी कोणाला नाही म्हटले नाही आणि बाबांनी डिझेलचे पैसे घेतले नाहीत. म्हणून ही गाडी बदलण्याचा निर्णय फक्त आपल्या चौघांचा आहे असे मला वाटत नाही.

दादाने पाठवलेल्या यादीतल्या निम्म्या गाड्या मी याच कारणासाठी बाजूला ठेवल्या. त्या दिसायला उंच आणि दणकट आहेत, पण त्यांची फक्त पुढची दोन चाके ओढतात, आणि चढावर गाडीचे वजन मागे गेले की पुढची चाके जागेवरच फिरत राहतात. आज मिळणारी बोलेरो आणि स्कॉर्पिओ क्लासिक मागच्या चाकांवर चालतात, त्यांतही चारही चाकांनी ओढण्याची, म्हणजे फोर बाय फोरची, सोय नाही. आपल्या गाडीत ती आहे आणि तिच्याबरोबर लो रेंजही आहे. फोर लो, म्हणजे चारही चाकांसह लो रेंज, लावले की चाकांपर्यंत जोर दुपटीहून जास्त पोहोचतो, वेग माणसाच्या चालीइतका राहतो आणि उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनच गाडी धरून ठेवते. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की चाक अडकते आणि गाडी घसरते, त्यामुळे आपल्या वाटेवर चढण्यापेक्षा उतरण्यासाठीच लो रेंज मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे सारे देणाऱ्या नव्या गाड्या मोजक्याच आहेत. जिम्नी हलकी आहे, तिची जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर आहे, लो रेंजही आहे आणि चिखलात ती उत्तम चालते असे चालवणारे सांगतात, पण ती चौघांचीच आहे आणि चौघे बसल्यावर मागे सामानाला फारशी जागा उरत नाही. तीन दारांच्या थारमध्ये आईला मागे बसवण्याची कल्पनाही मला करवत नाही. राहतात त्या थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन आणि गुरखा. या तिन्ही चांगल्या गाड्या आहेत, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

आता पैशांचे. २२ सप्टेंबरपासून मोठ्या गाड्यांवरचा एकूण कर ५० टक्क्यांच्या आसपास होता तो ४० टक्क्यांवर आला, हे दादाचे म्हणणे खरे आहे आणि किमती उतरल्या हेही खरे आहे. परंतु त्याने कर्नाटकातला आजीवन रस्ता कर धरलेला नाही. दहा ते वीस लाखांच्या गाडीवर आपल्याकडे तो १७ टक्के आहे आणि त्या करावर आणखी ११ टक्के उपकर आहे. एक्स-शोरूम १८ लाखांची गाडी धरली तर नुसता रस्ता कर उपकरासह ३ लाख ४० हजारांच्या जवळ जातो, विमा वेगळा. कोल्हापूरच्या पत्त्यावर पासिंग करून घ्यावे, तिथे कर कमी बसतो, असे मामांनी सुचवले आहे. सीमाभागात हा सल्ला घरोघरी मिळतो, पण तो आपण ऐकू नये. गाडी जिथे राहते तिथलाच पत्ता खरा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे राहिली तर तिची इथे नोंदणी करावी लागते, म्हणजे कर पुन्हा आलाच. बाबांनी आयुष्यभर जपलेला सरळपणा चार पैशांसाठी आता मोडावा असे मला वाटत नाही.

शिवाय नव्या डिझेल गाड्यांची एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत. २०२० च्या एप्रिलपासून गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-६ चे नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर येतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग काही अंतर वेगाने पळवावी लागते. शेत, देऊळ, जांबोटीचा बाजार अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि मग बेळगावला नेण्याशिवाय उपाय राहत नाही. आपली जुनी गाडी या बाबतीत साधी आहे आणि गावाजवळच्या मेस्त्रींना ती आतून-बाहेरून माहीत आहे.

एवढे लिहूनही एका मुद्द्यावर मला रात्री झोप लागत नाही, तो तुमच्यापासून लपवणार नाही. आपल्या गाडीत एअरबॅग नाहीत. आपल्या गाडीच्या पुढच्या आवृत्तीची, तीही एअरबॅग नसलेली, गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ साली चाचणी घेतली तेव्हा तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नव्हता. स्कॉर्पिओ-एनला २०२२ साली पाच तारे मिळाले. हा फरक खराच आहे आणि कोणत्याही दुरुस्तीने तो भरून निघणार नाही. दादाच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि मी तो मनापासून मान्य करते. म्हणूनच गाडी ठेवायची तर ती दिवसा, साठच्या आत, मागच्या सीटवरही पट्टा लावून चालवायची, या अटी मी आग्रहाने घालत आहे.

बाबा, हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. चोर्ला घाटात धुक्यातून गाडी कशी काढायची हे तुम्हीच आम्हाला शिकवले. परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो असे तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगितले आहे, आणि संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर गवे उतरतात. काकांचा धाकटा मुलगा सावकाश आणि समजून चालवतो. रात्री-अपरात्री निघावे लागले तर चावी त्याच्याकडे द्यावी. नवी गाडी आली तरी माझी ही विनंती अशीच राहील.

चासीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. इंजिन, क्लच, टर्बो, इंजेक्टर हे सगळे पैशाने नवे होते. चासी तशी होत नाही. आपल्याकडचा पाऊस आणि तांबडी माती चासीच्या पोकळीत जाऊन बसते, वर्षभर ओल धरते आणि लोखंड आतून कुजते, बाहेरून काळा रंग तसाच दिसत राहतो. म्हणून नुसते बघून भागणार नाही. गाडी वर चढवून, आतली माती पाण्याच्या दाबाने काढून, वाळल्यावर हातोडीने ठोकत जावे. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो आणि पापुद्रे सुटतात. मागच्या स्प्रिंगच्या बैठका, मागच्या चाकांच्या वरचा भाग आणि जिथे बॉडी चासीवर बसते ते रबर, एवढ्या जागा नीट पाहाव्यात. ब्रेकच्या लोखंडी नळ्याही त्याच वेळी तपासाव्यात. वरवरचा गंज असेल तर घासून, प्रायमर देऊन, पोकळीत मेणासारखे गंजरोधक फवारून काम होते. स्प्रिंगच्या बैठकीपाशी भोक पडलेले दिसले तर मात्र ठिगळ मारून घेऊ नये. तिथे मारलेले ठिगळ भरवशाचे नसते आणि त्या गाडीत आई बसणार आहे.

चासी निभावली तर पुढची कामे अशी. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे आणि ट्रान्सफर केसचे, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेट्यांचे, तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर ओढ्याचे पाणी आत गेले आहे असे समजून सील बदलावे. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, रेडिएटरचे पाइप आणि सगळे सीटबेल्ट नवे घालावेत. टायर अजून खोल दिसतात म्हणून बाबा ते बदलत नाहीत, पण रबर वयानेही कडक होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आपल्या टायरवर शेवटचे दोन १७ आहेत. २३५/७० आर १६ मापाचे पाचही टायर नवे घ्यावेत, स्टेपनीसह. फोर बाय फोर पावसाळ्यापुरतेच न लावता महिन्यातून एकदा शेतातल्या मऊ जमिनीवर थोडा वेळ लावावे, म्हणजे आतले भाग अडकत नाहीत. कोरड्या डांबरावर मात्र ते कधीही लावू नये, कारण वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि आपल्या गाडीत त्या फरकाला वाट नाही, त्यामुळे सगळा ताण गिअरांवर येतो.

आई, आता तुझ्याविषयी. गाडीत चढताना तुला होणारा त्रास तू कोणालाच सांगत नाहीस, पण दसऱ्याला आले तेव्हा दाराची कड धरून तू किती वेळ थांबतेस ते मी पाहिले. नव्या गाड्याही जवळपास तितक्याच उंच आहेत, त्यामुळे गाडी बदलून हा प्रश्न सुटणार नाही. बेळगावात उद्यमबागेत बाजूला रुंद, खडबडीत पत्र्याची पायरी बनवून मिळेल. ती थेट चासीला बोल्ट लावून बसवायची आणि आतल्या खांबाला धरायला घट्ट मूठ लावायची. पायरी फार खाली आणली तर ओढ्यातल्या दगडांना घासेल, म्हणून पावसाळ्यात वर दुमडता येईल अशी करून घेऊ.

दादाने तूर्त बुकिंग करू नये, असे मी त्याला आजच कळवत आहे. दिवाळीला मी गावी येते. पाडवा झाला की बाबा आणि मी गाडी बेळगावला नेऊ आणि चासी तपासून होईपर्यंत तिथेच थांबू. गॅरेजवाल्यांचे म्हणणे जे येईल ते दादाला त्याच दिवशी सांगू. ठेवायचे ठरले तर नोंदणीचा अर्ज त्याच आठवड्यात देऊ, आणि नाही ठरले तर नवी गाडी कोणती हे आपण चौघे बसून, आईला प्रत्येकीत चढवून-उतरवून मग ठरवू. आई, तोवर तू एवढे कर. मागच्या दाराच्या पायऱ्यांपैकी जिच्यावर तुला आधाराशिवाय पाय टाकता येतो, तिची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून मला कळव, म्हणजे पायरीचे माप आधीच सांगून ठेवता येईल.

तब्येतीस जपावे.

तुमची,
धाकटी