पायात नाक असलेला प्राणी

बिकानेर,
१२ जून

प्रिय सुध्या,

‘वाळवंटात उंटाशिवाय असतं काय?’ असं विचारलंयस. गोचीड असतात, लेका! ढवळ्याच्या कानातून ओढून काढायचो आणि अंगठ्याच्या नखांनी चिरडायचो ना, त्यांचेच भाऊबंद. इथले उंट पाळणारे रायका लोक त्यांना चिंचड म्हणतात.

पण खोड निराळी. आपल्याकडच्या गोचिडाची पिल्लं गवताच्या टोकाला लटकून बसतात, जनावर घासून गेलं की चिकटतात. इथे तेवढं गवत कुठलं? उंटावरचा हायलोमा जातीचा मोठा गोचीड सावजामागे चक्क धावतो. काल कळपापाशी उकिडवा बसलो होतो. वाळूतून दोन तपकिरी ठिपके माझ्या बुटांकडे यायला लागले. मी चार पावलं उजवीकडे सरकलो, तर तेही वळले! पायांवर पांढुरके पट्टे, चाल घाईची. त्याला डोळे असतात, शिवाय पुढच्या पायांच्या टोकाशी एक खळगी असते. तिने त्याला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो. म्हणजे नाक पायात!

खरी कमाल पाण्याची. इतक्या उन्हात हा वाळून कसा जात नाही? अंगावर मेणाचा थर असतोच. पण तहान लागली की तो तोंडाशी खारट लाळ सोडतो. ती दमट हवेतली वाफ शोषून घेते, मग लाळ परत गिळायची. हवा पिणंच झालं की हे. आता वाळवंटात दमट हवा कुठे, म्हणशील. उंदरांच्या बिळात. बाहेर भट्टी असली तरी आत गारवा आणि ओल टिकते. म्हणून पिल्लं बऱ्याचदा तिथेच, उंदरांच्याच रक्तावर वाढतात. उंटावर पोट भरलेली मादी मात्र द्राक्षाएवढी फुगून गळून पडते, हजारो अंडी घालते आणि मरते.

काळे भुंगेरेही दिसतात. त्यांच्या पाठीवरची पंखांची झाकणं एकमेकांना कायमची जुळलेली. उडता येत नाही, पण श्वासाची छिद्रं त्या झाकणाखाली उघडतात, त्यामुळे ओल आतच राहते. सौदा वाईट नाही.

तुमच्याकडे मृग लागला असेल. तो मखमली लाल मृगाचा किडा आठवतो? किडा कसला, आठ पायांचा, गोचिडाचाच चुलतभाऊ! वर्षभर जमिनीत दडून राहतो, पावसाला वर येऊन वाळवी खातो. इथे त्याला ‘सावण री डोकरी’ म्हणतात. अजून एकही दिसली नाही.

एक काम कर. २०११च्या जानेवारीत गुजरातेत क्रायमियन काँगो ताप निघाला होता. निदान आपल्या पुण्याच्या विषाणू संस्थेनं केलं. रुग्ण बाई गेली, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. हा विषाणू मुख्यतः हायलोमातून पसरतो आणि जनावर वरून ठणठणीत दिसतं. हायलोमा आपल्याकडच्या गुरांवरही असतो. आबांना सांग, गोचीड नुसत्या हाताने चिरडू नका. ऐकणार नाहीत, ठाऊक आहे. तू हातमोजे नेऊन दे आणि मी पाठवलेत म्हण.

तुझा,
बाळ्या