भाडं कोण देणार? तळमजल्यावरच्या काकांना थँक यू

काका,

तुम्हाला तोंडावर थँक यू म्हटलं की तुम्ही "बस झालं गो, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे लिहूनच टाकतेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण आमच्या बॅचमधल्या अर्ध्या पोरांना अजून वाटतं की मी एमए इकॉनॉमिक्सचं डेझर्टेशन कुठल्यातरी क्लासला पैसे भरून करून घेतलं. क्लास बिस काही नाही. नेरूळला आमच्या सिडकोच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात, न्हावा शेवा बंदरावर कस्टम हाउस एजंटकडे (म्हणजे व्यापाऱ्यांची कस्टमची कामं करून देणाऱ्याकडे) सगळी नोकरी शिपिंगची कागदपत्रं करण्यात घालवून रिटायर झालेले, त्यांच्या गॅलरीत बसून झालंय ते.

सुरुवात आठवते ना? लाईट गेलेले, मी जिन्यात बसून मोबाईलच्या उजेडात रिकार्डो, म्हणजे तो जुना इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ, पाठ करत होते. बीएपर्यंत मराठी मीडियम, एमएला एकदम इंग्लिश, त्यामुळे समजायचं कमी आणि घोकायचं जास्त. तुम्ही विचारलंत काय बडबडतेस, मी सांगितलं की 1817 चं उदाहरण आहे, पोर्तुगालला वाईनला 80 माणसं लागतात आणि कापडाला 90, इंग्लंडला वाईनला 120 आणि कापडाला 100, म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत भारी, तरी त्याने वाईनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, कारण वाईनमध्ये तो जास्तच भारी आहे. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "बरं. आणि जहाजाचं भाडं कोण देणार?"

मी हसले होते, सॉरी. दुसऱ्या दिवशी वर्गात उगाच विचारलं तर सर म्हणाले, भाडं त्या उदाहरणात धरलेलंच नाहीये, आणि मग टिनबर्गन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं 1962 चं मॉडेल काढून बसले, की दोन देशांच्या इकॉनॉमी जितक्या मोठ्या तितका त्यांच्यातला व्यापार जास्त, आणि अंतर जितकं जास्त तितका कमी. पहिल्यांदाच मला वर्गात काहीतरी कळलं.

पण खरं थँक यू कांद्यासाठी. डेझर्टेशनला कांद्याच्या निर्यातीचा विषय मीच घेतला होता, वाशीचं कांदा-बटाटा मार्केट लहानपणापासून बघितलेलं, म्हटलं सोप्पं जाईल. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के ड्युटी, ऑक्टोबर संपता संपता टनाला 800 डॉलरची एमईपी (म्हणजे याहून कमी किमतीला बाहेर विकायचंच नाही), 8 डिसेंबरपासून सरळ बंदी, मग 4 मे 2024 ला बंदी उठली पण 550 डॉलरची एमईपी आणि 40 टक्के ड्युटी होतीच. चार-पाच महिन्यांत तीन वेगवेगळी हत्यारं, अभ्यासाला याहून भारी काय पाहिजे? झालं काय की आपल्याकडचा निर्यातीचा आकडा आणि समोरच्या देशाने दाखवलेला आयातीचा आकडा, तोच माल, तेच वर्ष, जुळेचना. मी दोन आठवडे एक्सेल फाईलच चुकीची आहे समजून रडत होते, आई तुमच्याकडे घेऊन आली तेव्हा डोळे सुजलेले.

तुम्ही माळ्यावरून जुनी फाईल काढलीत, त्यातली शिपिंग बिलाची, म्हणजे निर्यातीच्या वेळी कस्टमला द्यायच्या कागदाची, झेरॉक्स टेबलावर पसरलीत, आणि पार्टीचं नाव मला दिसू नये म्हणून बरोब्बर त्याच्यावर चष्म्याचं पाकीट ठेवलंत. रिटायर झालात तरी! मग पेनाने एकेक रकाना. एफओबी म्हणजे बोटीवर माल चढेपर्यंतची किंमत, आपली निर्यात तीच मोजते. तिकडचा आयातदार सीआयएफ धरतो, म्हणजे त्यात विमा आणि भाडं पण आलं. "बघ, तुझ्या त्या पोर्तुगालवाल्याने सोडलेलं भाडं इथे सापडलं." मार्चच्या शेवटी सुटलेली बोट तिकडे एप्रिलमध्ये लागते, आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, तिकडचं जानेवारी ते डिसेंबर. वजन ग्रॉस लिहिलंय की नेट, गोणी धरून की सोडून. दुबईला उतरलेला माल पुढे दुसऱ्याच देशात गेला तर काय. हे सगळं मला कुठल्या पुस्तकात एका जागी मिळालं नव्हतं.

आणि तो प्रश्न. "ड्युटी किमतीवर टक्क्याने लागते, मग कागदावर किंमत वाढेल की घटेल, तू सांग." मी म्हटलं घटेल, ड्युटी कमी भरायला लागावी म्हणून. "आणि एमईपी लागली तर?" मी म्हटलं मग वाढेल, निदान एमईपीपर्यंत. तुम्ही फक्त हसलात आणि फाईल बंद केलीत. व्हायव्हाला एक्स्टर्नलनी नेमकं हेच विचारलं, की युनिट व्हॅल्यू (कागदावरची एकूण किंमत भागिले वजन) वाढली म्हणजे भाव वाढला असं म्हणता येतं का, आणि मी न अडखळता दहा मिनिटं बोलले.

एक भांडण मात्र राहिलंय. मी तुम्हाला लुईस या अर्थशास्त्रज्ञाचं 1954 चं मॉडेल सांगत होते, की शेतात माणसं इतकी जास्त असतात की काही जण कारखान्यात गेली तरी पीक घटत नाही, जास्तीच्या माणसाची किंमत जवळजवळ शून्य. तुम्ही एकदम गप्प झालात. मग म्हणालात, "लावणीला ये एकदा, चिखलात वाकून बघ, मग सांग शून्य." आणि मग तुमच्या वडलांची जमीन, उरणकडची भातखाचरं, जमिनी गेलेल्यांचं जानेवारी 1984 चं जासईचं आंदोलन, गोळीबार, गेलेले पाच जण, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडाची वाट बघण्यात गेलेली वर्षं, हे सगळं बाहेर आलं. "शेतातून पोर्टात मी जास्त पगार बघून गेलो नाही गो, जमीनच गेली." मला उत्तर सुचलं नाही. नंतर लायब्ररीत शुल्ट्झ हा दुसरा अर्थशास्त्रज्ञ सापडला, त्याने 1918-19 च्या फ्लूचे भारतातले आकडे घेऊन हेच दाखवलं होतं, की माणसं खरंच जास्तीची असती तर साथीनंतर पेरा घटला नसता, पण घटला. गंमत म्हणजे 1979 चं नोबेल लुईस आणि शुल्ट्झला वाटूनच मिळालं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "त्याला माझं नाव सांग."

तुमचं नाव मी घालणारच होते ॲकनॉलेजमेंटमध्ये, पण तुम्ही म्हणालात पार्टीचं पण नको आणि माझं पण नको. म्हणून "तळमजल्यावरचे काका" एवढंच छापलंय, गाईडनी दोनदा विचारलं हे कोण.

बाइंड केलेली कॉपी रविवारी आणते. काकूंना सांगा भजी तळून ठेवायला, कांदा मी आणेन, भाडं धरून. आणि ते चष्म्याचं पाकीट त्या दिवशी माझ्या वह्यांमध्ये आलं होतं, ते पण आणते, तुम्ही काकूंना उगाच ओरडू नका.

तुमचीच,
तिसऱ्या मजल्यावरची