गोधडीचा गोट हातानेच शिवावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोधडीच्या कौतुकाचे लेख हल्ली बरेच वाचायला मिळतात. त्यांत ठिगळं, रंग, आजीची लुगडी सगळं असतं, गोटाबद्दल, म्हणजे कडेभोवती शिवलेल्या पट्टीबद्दल, मात्र चकार शब्द नसतो. मी काळाचौकीत चाळीस वर्षं शिलाईकाम करते. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी गोधडी बहुधा कडेला फाटलेली असते. ओली गोधडी गॅलरीच्या कठड्यावर टाकताना आपण कड धरूनच ओढतो ना!

पावसाळ्याआधी भाचीच्या बाळासाठी एका प्रदर्शनातून गोधडी घेतली. 'हातशिलाई' अशी चिठ्ठी होती. धावदोरा खरंच हाताचा, पण गोट मशीनची एकच टीप मारून बसवलेला. चौथ्या धुण्याला कोपरा सुटला. पाहिलं तर मागच्या बाजूला टीप जागोजागी घडीवरून घसरलेली. शिवणाऱ्या बाईला दोष देत नाही. इतके थर सुईखाली सरकतात, मागची घडी दिसतच नाही.

मी सगळा गोट उसवला. अडीच इंची उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली, पट्टी दुहेरी दुमडून पुढून मशीनवर जोडली आणि मागे वळवून हाताने तुरपली. सुईने मागच्या कापडाचे दोन-तीन धागे उचलायचे आणि लगेच घडीच्या आत शिरायचं. पुढे टाका उमटता कामा नये. कोपऱ्यावर एक बाजू आधी बसवून दुसरी तिच्यावर दुमडली की तिरकी रेघ पडते, तिथे चार टाके जास्त. पट्टीचा जोड कोपऱ्यात आणायचा नाही, गाठ होते. उरेब अशासाठी की सरळ पट्टीत घडीवरचे तेच एक-दोन धागे सगळी घासण सोसतात. ते तुटले की कड लांबच्या लांब फाटते.

आई लुगड्याचे काठ लावायची, त्यांची वीणच दाट. वडील गिरणीत होते. १९८२च्या संपात घरात नवं कापड येणं थांबलं, तेव्हा तिने जुन्या काठांनी दोन गोधड्यांचे गोट बदलले. त्यांतली एक अजून माझ्या अंथरुणात आहे.

५ बाय ७ फुटांच्या गोधडीला २४ फूट कड. इंचाला ८ टाके धरले तर २,३०४ टाके होतात. माझ्या तीन-चार दुपारी त्यात जातात. एवढ्या कामाची मजुरी वेगळी मिळत नसेल तर बाई मशीन मारणारच. प्रदर्शन भरवणाऱ्यांना विनंती, चिठ्ठीवर गोट हाताचा की मशीनचा हे लिहा आणि हाताचा असेल तर त्याची मजुरी वेगळी धरा. घेणाऱ्यांनीही गोधडी उलटी करून आधी चारही कोपरे बघावेत, मग भाव विचारावा.

आपली,
शिलाईकाम करणारी एक वाचक,
काळाचौकी, मुंबई