करवतकाठी हे नाव कोणाचं? वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातली विणकर. करवतकाठी विणते, म्हणजे काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली कोशाची (टसर रेशमाची) साडी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला धानाची रोवणी येत होती, माग माहीत नव्हता. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधी वर्षभर नुसत्या कांड्या (धाग्याच्या नळ्या) भरायला बसवलं. मग मागाशेजारी उभं करून तिसरा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकडी साधन, हातात दिला. ते खड्डामागावर बसायचे, मी काठाकडून धोटा परत फेकायची. या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. आता खड्ड्यात मी बसते.

पत्राचं कारण मागच्या हिवाळ्यात घडलं. एका मोठ्या शहरात सरकारी मदतीनं हातमागाचं प्रदर्शन भरलं होतं, मीही सहा साड्या घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. साडी उलगडून बघितली, अंगाला लावून बघितली, किंमत विचारली. मी साडेसहा हजार सांगितले. त्या म्हणाल्या, "ताई, पलीकडे हीच बाराशेला आहे. डिझाइन तर तेच आहे."

त्या गेल्यावर मी पलीकडच्या गाळ्यावर गेले. वर फलक होता, 'विदर्भाची अस्सल करवतकाठी, हातमाग'. साडी हातात घेतली. रंग कोशासारखाच गव्हाळ, काठ लाल, काठावर करवतीचे दात ओळीनं, एकही दात लहानमोठा नाही. उलटी केली तर दात मागे फिकट झालेले, कारण ते विणलेले नव्हतेच, छापलेले होते. पदराचा एक सुटा धागा मी मागून घेतला आणि बाहेर जाऊन काडी लावली. कोशाचा धागा सावकाश जळतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरली की भुगा होतो. हा धागा वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला.

मी त्या विक्रेत्याशी भांडले नाही. सरळ विचारलं, भाऊ, याला करवतकाठी कसं म्हणता? त्यानं एक माहितीपत्रक काढून दाखवलं. त्यात करवतकाठीचा मोठा रंगीत फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की काठावरची करवतीच्या दातांची नक्षी ही या साडीची ओळख. तो म्हणाला, "ताई, हीच नक्षी आहे नं? बघा तुम्हीच."

महोदय, त्या रात्री मला झोप आली नाही. तो माणूस खोटं बोलत होता, पण त्याला बोट ठेवायला जागा आपणच करून दिली होती. आपण साडीची ओळख नक्षीवर टांगली. आणि नक्षी तर कोणीही छापू शकतं.

मी नकलेच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. विणकराचं अख्खं आयुष्य नक्कल करण्यात जातं. माझा काठ मी मामाजींचा पाहून शिकले, त्यांनी त्यांच्या वडिलांचा पाहून. मी आज विणते ती साडी मागच्या महिन्यातल्या साडीची नक्कल आहे, ती तिच्या आधीच्या साडीची. यातली पहिली, मूळ साडी कोणती म्हणाल तर ती कुठेच नाही. ती कोणी नेसली, कधी विरली, तिची गोधडी झाली की पोतेरं, काही ठावठिकाणा नाही. चित्रकाराचं एक चित्र असतं आणि बाकी त्याच्या प्रती असतात, तसं आमच्यात नसतं. आमच्याकडे प्रत्येक साडी नक्कल असते आणि प्रत्येक साडी खरी असते. मग ती खरी कशानं होते? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ती घडते कशी, यावरून ती खरी ठरते.

म्हणून ती कशी घडते ते थोडं सांगते. कोसा जंगलात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर होतो. त्याच्या अळ्या घरात टोपल्यात पाळता येत नाहीत, झाडावरच सोडाव्या लागतात. गडचिरोली-भंडाऱ्याकडचे ढिवर बांधव पाखरं आणि मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. ते कोष उकळून धागा काढायचा. आमच्याकडच्या बाया पूर्वी तो मांडीवर वळायच्या, त्यांच्या मांडीची कातडी सोलून निघालेली मी पाहिली आहे. मग ताणा (उभे धागे) लावणं, पांजण (त्यांना खळ देणं), फणी भरणं, आणि मग विणणं. साध्या साडीत एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. करवतकाठीत तीन धोटे असतात. मधला कोशाचा, दोन बाजूंचे काठाच्या सुताचे. मधला धोटा काठात शिरत नाही आणि काठाचा धोटा अंगात येत नाही. दोघांची गाठ पडते तिथे बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या बाण्यात अडकवायचा. ही हद्द दर फेरीला एक पाऊल आत सरकवायची, मग एक एक पाऊल मागे आणायची, की करवतीचा एक दात तयार होतो. असा दात दोन्ही काठांवर, साडी संपेपर्यंत. कुठे चुकलं तर उसवून परत. आमच्या घरी एका साडीला आठ-दहा दिवस लागतात, आणि ते लाइट असताना, कोणी आजारी नसताना.

म्हणून हातमागाच्या काठाचा रंग गच्च असतो, त्यात अंगाचा रंग मिसळलेला नसतो. साडी उलटी केली तरी दात तेवढाच स्पष्ट दिसतो. हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. मघाच्या त्या बाईंना कोणी एकदा साडी उलटी करून दाखवली असती तर त्यांनाही कळलं असतं. मग त्यांनी बाराशेचीच घेतली असती तरी मला वाईट वाटलं नसतं, कारण काय घेतो हे त्यांना माहीत असतं.

सरकार अंत्योदय कुटुंबाला वर्षाला एक साडी देतं, ती यंत्रमागाची असते. माझ्या गावात ती आनंदानं नेसतात. त्या साडीनं कोणाचं नाव चोरलेलं नाही. यंत्रमागवाल्यानं करवतीचे दात छापावेत, पण त्यावर 'छापील' लिहावं. एवढंच माझं म्हणणं आहे.

नक्षीवर ओळख टांगल्याचा दुसराही तोटा झाला आहे, आणि तो आतल्या आत आम्हाला खातो. तीन वर्षांपूर्वी मी काठासाठी एक हिरवा रंग निवडला, रोवणीनंतर पंधरा दिवसांनी धानाच्या बांधीत दिसतो तसा. दातही नेहमीपेक्षा उंच घेतले. व्यापाऱ्यानं ती साडी परत केली. म्हणाला, "हे पारंपरिक वाटत नाही, लाल-काळ्यातच दे." म्हणजे कोसा खरा, तीन धोटे खरे, हात माझा, तरी साडी खरी नाही. आणि जी छापली ती खरी, कारण ती फोटोसारखी दिसते. मामाजींच्या काळातही नवे रंग आले असतीलच नं? लालच तेवढा अस्सल हे कोणी ठरवलं? जुन्या फोटोबरहुकूम विणत राहायचं म्हणजे आम्हीही छापखानाच व्हायचं. मग यंत्र ते आमच्यापेक्षा स्वस्तात करील, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. आमची मुलं मागावर का बसत नाहीत, याची चर्चा होते तेव्हा मजुरीचं बोललं जातं, आणि ते खरंच आहे. पण ज्या कामात स्वतःचं काही घालायची मुभा नाही ते काम तरुण मुलगी कशासाठी शिकेल, हेही कधीतरी विचारा.

हा प्रश्न आपल्या विदर्भाला नवा नाही. गिरण्यांनी खादीसारखं दिसणारं कापड काढून ते खादी म्हणून विकायला सुरुवात केली, तेव्हा हेच झालं होतं. त्यावर १९३४ साली खादीच्या नावाचं रक्षण करणारा कायदा झाला. खादी म्हणजे हातानं कातलेलं आणि हातानं विणलेलं कापड. त्या व्याख्येत रंग नाही, काठ नाही, नक्षी नाही, आहे ती फक्त करण्याची रीत. आमच्यापासून फार लांब नसलेल्या वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये खादी-ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय सुरू झालं. गावातल्या शाळेच्या सहलीबरोबर गेले होते तेव्हा मी तिथले चरखे पाहिले. मुलं विचारत होती, बाई, हे चालतं का अजून? मला सांगायला अभिमान वाटला की आपल्या गावात चालतं.

करवतकाठीसाठी कायदे नाहीत असंही नाही. तिला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या वस्तूच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण, मिळालेलं आहे. १९९९ च्या त्या कायद्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. हातमागासाठी राखीव वस्तूंचा १९८५ चा कायदा आहे, त्या यादीत साडी आहे. २०२३-२८ च्या राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी आणि खण यांच्या रांगेत करवतकाठीचं नाव आहे, ते वाचून आम्ही सगळे सुखावलो होतो. पण मानांकनाच्या कायद्याखाली झडती-जप्ती करायची तर पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो, आणि त्यानं आधी निबंधकांचं, म्हणजे मानांकनाची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांचं, मत घ्यायचं असतं. मानांकनाचं नोंदणी कार्यालय चेन्नईला. प्रदर्शन आठ दिवसांत उठतं. मी कोणाकडे जाऊ?

मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता, म्हणजे ते नाव वापरायचा हक्क असलेला, म्हणून नाव नोंदवायची फी आता फक्त १० रुपये आहे. पण अर्ज, शपथपत्र, पुरावे हे सगळं मागावरून उठून कोण करणार? आमच्या आळीत मी धरून तिघांनीच अर्जाचा कागद हातात घेतला, पुढे कोणीच गेलं नाही. आंधळगाव, मोहाडी, पवनी इथे दोन दिवस शिबिर लावा, अर्ज भरून घेणारा माणूस द्या. मागाचा फोटो तिथेच काढा. आमच्याकडे माग हाच पुरावा आहे.

सरकारी पैशानं भरणाऱ्या प्रत्येक प्रदर्शनात दाराशी एक टेबल ठेवा. भिंग, काडेपेटी आणि एक जाणता विणकर, एवढं पुरेसं आहे. गाळा लावण्याआधी प्रत्येकाची एक साडी तिथे उलटी करून बघायची. छापील असेल तर छापील अशी चिठ्ठी, यंत्रमागाची असेल तर तशी. कोणाला हाकलायचं कारण नाही.

आणि ती माहितीपत्रकं बदला. फोटो ठेवा, पण त्याखाली नक्षीच्या आधी लिहा: कोशाचा धागा, हातमाग, तीन धोटे, बाण्यात बाणा अडकवलेला काठ. रंग आणि दातांची उंची विणकराच्या मर्जीची. एवढ्या ओळी लिहिल्या तर माझी हिरवी साडी पुन्हा करवतकाठी होते, आणि बाराशेची छापील साडी आपलं खरं नाव घेऊन विकली जाते.

मामाजी मागच्या वर्षी गेले. त्यांचा धोटा माझ्याकडे आहे, लाकूड बोटांच्या जागी खोलगट झालेलं. सध्या मागावर एक साडी चढली आहे, पुन्हा हिरव्या काठाची. अर्धी झाली. महिनाअखेर उतरेल. या वेळी ती मी व्यापाऱ्याकडे नेणार नाही, पुढच्या सरकारी प्रदर्शनात घेऊन येईन. त्या दारावर टेबल असलं तर आधी मीच ती उलटी करून दाखवीन.

आपली नम्र,
एक विणकर,
ता. मोहाडी, जि. भंडारा