कपोनच्या गावाहून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांचं ठरलेलं, "त्या टोळीवाल्या कपोनचं शिकागो ना रे?" आणि मागून आईचं, "रात्रीचा फिरत नाहीस ना?" दोघांना एकदमच कळवतो.

रविवारी मित्रांबरोबर क्लार्क स्ट्रीटला गेलो होतो. 14 फेब्रुवारी 1929 ला तिथल्या एका गॅरेजात सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांतले दोघे पोलिसांच्या वेशात, म्हणून सगळे निमूट उभे राहिले. दारूबंदीचा काळ, चोरट्या दारूवरून कपोन आणि मोरानच्या टोळ्यांचं वैर. मोरानला यायला उशीर झाला, तो वाचला. शिक्षा कुणालाच झाली नाही.

त्या सातांतला एक चष्म्याचा डॉक्टर माझ्या डोक्यातून जात नाही. गुंडांच्या बैठकीत बसायची हौस होती म्हणे. बाबा, आपल्या चाळीखाली भाईच्या खुर्चीजवळ घुटमळणारे आठवतात? पगार गिरणीचा, रुबाब भाईचा. तिथून जाताना तुम्ही माझा हात घट्ट धरायचात. भाईचं नाव घरातसुद्धा हळू घेतलं जायचं.

इथे कपोनच्या नावाला तिकीट आहे! बसमधून गुंडांचे अड्डे दाखवत फिरवतात. ते गॅरेज 1967 मध्येच पाडलं, भिंतीच्या विटा लास वेगासच्या संग्रहालयात आहेत. ग्रीन मिल क्लबमध्ये जॅझ ऐकायला गेलं की कपोनची ठरलेली जागा दाखवतात, दोन्ही दारांवर नजर राहील अशी. खरंखोटं देव जाणे. आई, गोळीबार आजही होतो शहराच्या काही भागांत, पण तिकडे टूर जात नाही. मीही जात नाही.

आणि बाबा, एवढे खून पचवणारा माणूस अडकला कशात, तर इन्कम टॅक्समध्ये. 1931 मध्ये 11 वर्षांची शिक्षा. तुमच्या पावत्यांच्या फायलींना मी यापुढे हसणार नाही. सरकारला आतून मदत करणारा होता कपोनच्याच धंद्यातला वकील, ओहेअर. 1939 मध्ये त्याला चालत्या गाडीत गोळ्या घातल्या. त्याचा मुलगा नौदलात वैमानिक झाला, दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. तुम्ही मे महिन्यात उतराल तो विमानतळ त्या मुलाच्या नावाचा.

मी टर्मिनल 5 ला बाहेरच उभा असेन. ओहेअरच्या मुलाने उडवलं तसलं एक लढाऊ विमान टर्मिनल 2 मध्ये ठेवलंय, पाय दुखत नसतील तर आधी ते बघू. आईने लोणच्याची बरणी केबिन बॅगेत घेऊ नये.

तुमचा,
बाळ्या