संगणक आला, तरी ग्रंथपाल हवाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सगळी पुस्तके संगणकावर चढली, आता पूर्णवेळ ग्रंथपाल कशाला?' हा प्रश्न हल्ली आपल्या खान्देशातल्या वाचनालयांच्या सभांमध्ये ऐकू येतो. विचारणारे वाचनालयाचे हितचिंतकच असतात. अनुदान तुटपुंजे, वर्गण्या थकलेल्या, तेव्हा पगाराचा आकडा डोळ्यांवर येणे स्वाभाविक आहे. पण हा विचार वाचनालयाच्या मुळावर येणारा आहे, म्हणून एक जुना सभासद या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

संगणकामुळे देवघेवीचे काम हलके झाले, यात शंका नाही. बारकोड दाखवला की पुस्तक सभासदाच्या नावे पडते, थकीत पुस्तकांची यादी क्षणात निघते. मात्र देवघेव हा ग्रंथपालाच्या कामातला सर्वांत सोपा भाग होता. अवघड भाग वाचकाला काउंटरच्या अलीकडून दिसत नाही.

आमच्या भागातल्या एका वाचनालयाने पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवण्याचे काम बाहेरच्या मुलांकडून, नोंदीमागे ठरावीक पैसे देऊन उरकून घेतले. त्यानंतर एका ताईंना बालकवींच्या कविता हव्या होत्या. संगणकावर 'बालकवी' शोधले, काही नाही. 'ठोंबरे' शोधले, तरी काही नाही. बालकवी आमच्या धरणगावचे, 1890 साली इथेच जन्मलेले, आणि याच तालुक्यांत त्यांचे पुस्तक सापडेना! शेवटी ग्रंथपाल मॅडम उठल्या आणि तालिकापत्रांचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचा, जुना लाकडी खण ओढला. आत पिवळे पडलेले कार्ड होते : 'बालकवी, पाहा : ठोंबरे, त्र्यंबक बापूजी'. मग ठोंबऱ्यांचे कार्ड काढले, वर्गांक (पुस्तकाला विषयानुसार दिलेला क्रमांक) पाहिला आणि पुस्तक कपाटात जागच्या जागी मिळाले. संगणकात ते इंग्रजी अक्षरांत, तेही आडनाव चुकवून नोंदवले गेले होते. टोपणनाव आणि खरे नाव एकाच माणसाचे आहे, हे संगणकाला आपोआप कळत नाही. कोणा एका ग्रंथपालाने कधीकाळी हाताने लिहिलेले ते 'पाहा' कार्ड आज संगणकात कोणी करायचे? नोंदीमागे पैसे घेणारा मुलगा ते करणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. त्याला ते कोणी शिकवलेलेच नाही.

जुन्या फॉन्टमधल्या नोंदींचीही हीच तऱ्हा. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकसारखी पद्धत येण्यापूर्वी टंकलेली मराठी नव्या संगणकावर उघडली की पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. हजारो नोंदी पुन्हा तपासत बसावे लागते. भाषेच्या रकान्यात अहिराणी कुठे 'मराठी'त टाकलेली, कुठे 'इतर'मध्ये. अहिराणी पुस्तकांची यादी मागितली तर खान्देशातल्याच वाचनालयात ती धड निघत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. खाज्या नाईक आणि 1857-58 चा भिल्लांचा उठाव या विषयावर प्रकल्प करणारा एक विद्यार्थी मोबाइलवर मिळालेली संदर्भग्रंथांची यादी घेऊन आला होता. लेखक, प्रकाशक, साल, सगळे व्यवस्थित. त्यातली निम्मी पुस्तके मुळात अस्तित्वातच नव्हती. मॅडमनी एकेक नाव निरनिराळ्या ग्रंथालयांच्या तालिकांत पडताळून त्याला हे दाखवून दिले आणि 1880 चा खान्देश जिल्ह्याचा गॅझेटिअर इंटरनेटवरून फुकट उतरवून दिला. वर हेही बजावले, की हा इंग्रज सरकारचा दस्तऐवज आहे, भिल्लांविषयी तो काय म्हणतो ते जपून वाच. हे काम पंधरा वर्षांपूर्वी ग्रंथपालाच्या वाट्याला नव्हते. आज ते रोजचे होत चालले आहे.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांनी हस्तलिखितांचा केवढा ठेवा जपला आहे! असा कागद स्कॅन करायला काही सेकंद पुरतात. तो कोणी, कोणाला, कशाबद्दल लिहिला हे मोडी वाचून नोंदवणारा माणूस नसेल, तर ते छायाचित्र असून नसल्यासारखे.

सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, ही सबब तर चालणारच नाही. 'कोहा' हे न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालेले सॉफ्टवेअर 2000 सालापासून जगभर मोफत उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय' आहे. खर्च करायचा तो माणसावर. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सार्वजनिक ग्रंथालयांचे अनुदान 60 टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. तरीही सरकारी वर्गवारीत खालच्या, 'क' आणि 'ड' वर्गाच्या गावोगावच्या वाचनालयांत तेवढ्यावर प्रशिक्षित माणूस टिकत नाही. सकाळी शेतात किंवा दुकानात राबून संध्याकाळी वाचनालय उघडणारे ग्रंथपाल मी पाहिले आहेत.

ग्रंथालय संचालनालयाने प्रशिक्षणासाठी वेगळी तरतूद करावी आणि ते वर्ग जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी घ्यावेत. अक्कलकुवा-धडगावच्या माणसाने त्यासाठी जळगावपर्यंत का यावे? कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आपले तज्ज्ञ शिकवायला पाठवावेत. नोंदींचे काम बाहेर द्यायचेच असेल, तर प्रत्येक नोंद ग्रंथपालाने तपासल्याशिवाय बिल काढू नये, अशी अट कार्यकारी मंडळांनी घालावी. आणि ही तपासणी पुरी होईपर्यंत कोणत्याही वाचनालयाने तालिकापत्रांचे खण रद्दीत देऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक सभासद-वाचक
धरणगाव, जि. जळगाव