आबालालांचे चित्र आणि साडेसात लाखांचा फरक

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
कलाकृती खरेदी-विक्री विभाग, मुंबई

विषय : दलाली घेऊन वर किंमतही वाढवून लावल्याबाबत

महोदय,

माझी शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. गेली बावीस वर्षे मी कोल्हापूरच्या चित्रकारांची कामे जमवतो. आपल्यामार्फत सात चित्रे घेतली, त्यातल्या सातव्याबद्दल हे पत्र.

शाहूकालीन चित्रकार आबालाल रहमान यांचे कोटितीर्थ तलावाचे एक छोटे जलरंगचित्र विक्रीला असल्याचे आपल्या प्रतिनिधींनी गेल्या डिसेंबरात कळवले. माझ्या वतीने बोलणी करा, असे मी सांगितले. दलाली दोन टक्के ठरली, तशी ईमेल आहे. मालकाचे नाव मात्र 'गोपनीय'. मग महिनाभर निरोप येत राहिले : मालक ऐकत नाहीत, तिसऱ्यांदा जाऊन आलो, दिल्लीचे गिऱ्हाईक टपलेय. शाहू महाराज गेल्यावर आबालालांनी स्वतःची चित्रे कोटितीर्थात सोडली म्हणून ती दुर्मीळ, हेही मला ऐकवले. कोल्हापूरच्या माणसाला! शेवटी १८ लाख ५० हजार आणि वर ३७ हजार दलाली मी भरली. काच तडकलेली आली, ती मी महाद्वार रोडवर बदलून घेतली. त्याची तक्रार नाही.

मे महिन्यात गडहिंग्लजला एका लग्नाच्या पंगतीत शेजारी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या घरातला आबालाल यंदा विकला." फ्रेमच्या मागे १९५२ च्या कॅलेंडरचे पान चिकटवलेले होते, असेही ते म्हणाले. ते पान माझ्या भिंतीवर आहे. तुम्ही फार ताणून धरलेत, असे मी म्हणताच मास्तर घास हातात धरून बघत राहिले. त्यांच्याकडे माणूस एकदाच आला होता. त्यांनी ११ लाख सांगितले, तेवढे मिळाले. पावतीवर तारीख २२ डिसेंबर, खरेदीदार आपली कंपनी. 'मालक अडून बसलेत' ही आपली ईमेल ९ जानेवारीची आहे. तेव्हा मालक कोण होते, ते आपणच सांगावे.

आपण चित्र स्वतः घेऊन नफ्यावर विकले असते तर मी तोंड उघडले नसते. भाव पटला नसता तर घेतले नसते, एवढेच. पण माझ्याकडून दलाली घेतलीत, म्हणजे आपण माझे माणूस होता. माझे आजोबा शाहूपुरीत गुळाची अडत करायचे. शेतकऱ्याकडून अडतही घ्यायची आणि त्याचाच माल गुपचूप स्वतःच्या नावावर उचलायचा, असा अडत्या दुसऱ्या दिवशी पेठेत उभा राहू शकला नसता.

भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २१६ माझ्या वकिलांनी दाखवले : एजंटाने, ज्याच्यासाठी तो काम करतो त्याला अंधारात ठेवून स्वतःच्या खात्यावर व्यवहार केला, तर त्यातला फायदा तो काम सोपवणारा मागू शकतो. तेव्हा फरकाचे ७ लाख ५० हजार आणि दलालीचे ३७ हजार पंधरा दिवसांत परत करावेत. चित्र मी ठेवणार आहे. अन्यथा कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्यासाठी मला मुंबईला यावे लागत नाही.

आधीच्या सहा चित्रांच्या मूळ खरेदीच्या पावत्याही पाठवाव्यात. त्यातले बाबूराव पेंटरांचे रेखाटन मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत आलोय. किती जादा मोजले, ते एकदा कळू दे.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर